उकाडा, गारठा आणि दिव्याचा रंग

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळ्याच्या रात्री पिवळा दिवा लावला की उकाडा वाढल्यासारखा वाटतो आणि ऐन थंडीत पांढराशुभ्र दिवा लावला की खोली अधिकच गारठल्यासारखी भासते, असे पुष्कळांना जाणवते. या जाणिवेत तथ्य किती, हे आज पाहू.

प्रकाशाची छटा केल्विन या एककात सांगतात. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विनची, तारेचा जुना बल्ब २७०० चा, तर 'कूल डेलाइट' म्हणून मिळणारा एलईडी ६५०० चा असतो. आकडा जितका चढा, तितकी छटा निळसर.

आता छटेमुळे शरीराला खरोखरच ऊब किंवा गारवा जाणवतो का? डेन्मार्कमधील संशोधक ओले फँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना गडद लाल व गडद निळ्या प्रकाशात बसवून त्यांना सुखावह वाटणारे तापमान नोंदवले. लाल प्रकाशात ते निळ्यापेक्षा अवघे ०.४ अंश सेल्सियसने कमी भरले. रंग इतके टोकाचे असूनही फरक एवढाच. मग घरातल्या पिवळसर आणि पांढऱ्या दिव्यांमुळे पंख्याची गती कमी करता येईल, ही आशा व्यर्थच म्हणायची. जुना बल्ब मात्र खरोखर तापत असे, कारण त्याला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेतच जाई. एलईडीच्या बाबतीत हे कारण फारसे उरलेले नाही.

माझ्या मते आवडीनिवडीवर छटेइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम प्रकाशाच्या तीव्रतेचा होतो. हॉलंडमधील भौतिकशास्त्रज्ञ क्रुइटहोफ यांनी १९४१ मध्येच एका आलेखातून मांडले होते, की मंद प्रकाश पिवळसर असला तर सुखावतो आणि निळसर असला तर उदास वाटतो. त्यांचा आलेख पुढच्या प्रयोगांत जसाच्या तसा टिकला नाही, हेही सांगायला हवे. शिवाय डोळा छटेला चटकन सरावतो: पांढऱ्या दिव्याच्या खोलीतून पिवळ्या दिव्याच्या खोलीत पाऊल टाकताच तिथला कागद केशरी दिसतो, पण थोडा वेळ तिथेच बसल्यावर तोच कागद पांढरा वाटू लागतो.

एक परिणाम मात्र डोळा सरावला तरी टळत नाही. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देतात आणि त्यांच्यामार्फत रात्री मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाची निर्मिती मंदावते. म्हणून उकाड्यावर उपाय म्हणून झोपण्याच्या वेळेपर्यंत प्रखर निळसर दिवा लावून बसणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात संध्याकाळी ४००० केल्विनच्या आसपासचा दिवा वापरावा आणि रात्र चढेल तसा तो मालवून पिवळसर, मंद दिवा लावावा. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, तेव्हा हा दुसरा दिवा थोडा आधीच लावला तरी चालेल. वाचणाऱ्याने मात्र पुस्तकावर पुरेसा उजेड पडेल, असा वेगळा दिवा जवळ ठेवावा.