प्रवाह ओळखणारी पेशी: शू चिएन यांचं संशोधन

कोलेस्टेरॉल रक्तातून सगळीकडे सारखंच फिरतं. मग चरबीचे थर धमनीच्या सरळ भागात कमी आणि फाट्यांवर, वळणांवर जास्त का साचतात?

या प्रश्नाशी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि जैवअभियंते शू चिएन यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय. जन्म 1931 सालचा, बीजिंगमधला. 1949 मध्ये कुटुंब तैवानला गेलं. तिथे डॉक्टरकीची पदवी, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी. पुढची तीसेक वर्षं ते तिथेच शिकवत राहिले.

सुरुवात झाली ती रक्तापासून. तांबडी पेशी साधारण आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद, केशवाहिनी कित्येकदा तिच्याहून अरुंद. तरीही पेशी दुमडून, लांबट होऊन पार होते. प्रवाह मंदावला की याच पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होतं. हे कसं घडतं, ते चिएन यांनी मोजून दाखवलं.

1988 मध्ये ते सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. तिथल्या जैवअभियांत्रिकी विभागाचे ते पहिले प्रमुख. आता नजर वळली वाहिनीच्या भिंतीकडे. आतल्या अस्तराच्या पेशींना वाहत्या रक्ताचं घर्षण जाणवतं. सरळ, एकाच दिशेच्या प्रवाहात त्या प्रवाहाच्या रोखानं लांबट होऊन शांत राहतात. फाट्यावर प्रवाह उलटसुलट होतो, आणि तिथे दाहाचे संदेश थांबतच नाहीत; म्हणून चरबीही तिथेच जास्त साचते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की पेशीला नुसता रासायनिक रेणूच नव्हे, साधा धक्कासुद्धा निरोप देतो.

पण तो निरोप दिसणार कसा? सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर बघा. जिवंत पेशीला प्रथिनाचा लेप दिलेला बारीक मणी चिकटलाय. लेसरच्या चिमट्यानं तो ओढला... आणि पेशीत रंग पालटू लागला. रंग पालटतोय तिथे 'सार्क' (Src) हे पेशीत निरोप पुढे पोचवणारं एन्झाइम जागं होतंय आणि ती लाट मण्यापासून दूर सरकतेय. 2005 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या या कामात चिएन यांच्यासोबत रॉजर त्सिएन होते. त्सिएन यांना पुढे, 2008 मध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

2011 मध्ये व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामा यांच्या हस्ते चिएन यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. तेव्हा ते ऐंशीचे होते. आणि त्यांच्या प्रयोगशाळेत शोध चालू होता, प्रवाह बदलला की पेशीतले कोणते सूक्ष्म आरएनए (जनुकांच्या कामाला आवर घालणारे छोटे रेणू) वाढतात आणि कोणते घटतात याचा.