रंधा बघायला निघालात? आधी विचारा, पाणी सोडलंय का

नमस्कार मंडळी! पावसाळा तोंडावर आला की ठाण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, यंदा कुठला धबधबा? खारघरवाल्यांना पांडवकडा घराच्या खिडकीतून दिसतो पण पावसाळ्यात तिथं जायला बंदी असते, येऊरला अर्धं ठाणं आधीच पोचलेलं असतं, मग कोणीतरी टाकतं, "भंडारदरा?" आणि त्यावर अकरा अंगठे येतात. तर आज भंडारदऱ्याबद्दल बोलूया. रंधा धबधबा आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं. सगळं म्हणजे, मला दिलेल्या वेळात मावेल तेवढं.

रस्ता पटकन सांगते. माजिवड्याहून नाशिक हायवे, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटीला उजवीकडे वळायचं, मग बारी आणि मग शेंडी. शेंडी आलं म्हणजे भंडारदरा आलं. दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही सुरू झालाय, शहात्तर किलोमीटर, मोठ्या बोगद्यातून जातो, कसारा घाट लागतच नाही. वेळ वाचतो, मान्य. पण माझं आपलं मत आहे, घाट लागला नाही तर फिरायला निघाल्यासारखं वाटतच नाही. ढग काचेवर येतायत, मागच्या सीटवर कोणाला तरी मळमळतंय, आवळासुपारीची डबी नेमकी डिकीतल्या बॅगेत गेलीय, याशिवाय काय ती सहल! बोगद्यात ट्यूबलाइटी बघत बसायचं तर माणसाने मेट्रोत बसावं. असो.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी परत परत सांगणार आहे. रंधा आहे प्रवरा नदीवर, शेंडीहून अकोले गावाच्या रस्त्याला दहा-अकरा किलोमीटर, साधारण एकशे सत्तर फुटांवरून खाली दरीत कोसळतो, शेजारी घोरपडादेवीचं देऊळ. पण प्रवरेवर वरच्या अंगाला आहे भंडारदऱ्याचं धरण, विल्सन डॅम, १९२६ साली पूर्ण झालेलं. म्हणजे पावसाळा सोडला तर रंध्याला पाणी किती, हे वर धरणातून सोडतात किती यावर. वीज बनवायला वळवतात तेही वेगळंच. आणि धरणाच्या भिंतीखालचा तो अंब्रेला फॉल, फोटोत बघितला असेल, गोल खडकावर पाणी पडतं आणि छत्रीसारखं पसरतं, तो तर पूर्णच धरणावर अवलंबून. पाणी सोडलं तर धबधबा, नाहीतर नुसता काळा दगड.

आता यावरून आमच्या नानांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

नाना म्हणजे पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निवडणूक वगैरे दरवर्षी होते पण निवडून नानाच येतात कारण दुसरं कोणी उभंच राहत नाही. नानांचं मुख्य काम म्हणजे पाणी. सकाळी सहा ते पावणेसात, संध्याकाळी पुन्हा पाऊण तास, व्हॉल्व्हची चावी नानांच्या कमरेला, वॉचमनच्यासुद्धा हातात देत नाहीत. तर एका मे महिन्यात सोसायटीतल्या ज्येष्ठांनी मिनी बस काढली, चला भंडारदरा, आणि मला बरोबर घेतलं कारण कोणीतरी गोळ्यांच्या पिशव्या सांभाळणारं हवं होतं. नाना पुढच्या सीटवर, मांडीवर फाइल, फाइलमधे अंब्रेला फॉलचा कलर झेरॉक्स.

पोचलो तर काय, खडक कोरडा ठाक. त्यावर एक शेळी उभी, आणि खालच्या दगडांवर कोणीतरी गोधड्या वाळत घातलेल्या. नानांनी झेरॉक्स काढला, एकदा कागदाकडे बघितलं, एकदा शेळीकडे, आणि टपरीवर चहा करणाऱ्या आजींना विचारलं, "मावशी, इथला धबधबा कुठंय हो?"

आजी म्हणाल्या, "ह्योच की."

"मग पाणी?"

"आवर्तन सुटलं की येईल."

आवर्तन म्हणजे धरणातून खाली शेतीसाठी जी पाण्याची पाळी सोडतात ती, तिकडच्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. नाना म्हणाले, ते ठीक आहे, पण टायमिंग काय? आजी म्हणाल्या, आमाला कुटं इचारून सोडत्यात. झालं. नाना उठले आणि थेट धरणाच्या गेटकडे निघाले, मागून सगळी मंडळी, त्यात कुलकर्णी काकूंचा गुडघा.

गेटवर एक वयस्कर रखवालदार स्टुलावर बसलेला. "आत जाता येत नाही काका." नाना म्हणाले, आत जायचंच नाहीये, फक्त पाणी कधी सोडणार ते सांगा. रखवालदाराने विचारलं, तुम्ही कोण? खात्यातले का? आणि नाना छाती काढून म्हणाले, "नाही. पण मी पण पाणीच सोडतो."

आम्हाला तोंड कुठे लपवावं कळेना. पण तो माणूस हसला नाही हो! त्याने नानांना नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, कमरेची चावी बघितली, आणि विचारलं, "किती घरं?"

"छप्पन्न फ्लॅट."

"आमचं अकोलं, संगमनेर, पार श्रीरामपूरपर्यंत."

नाना जरा गप्प झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लोक बोलतात का?"

"बोलतात का म्हणजे! सोडलं तरी बोलतात, बंद केलं तरी बोलतात. वरच्याला वाटतं खालच्याने नेलं, खालच्याला वाटतं वरच्याने अडवलं."

"अगदी!" नाना म्हणाले, "आमच्याकडे पण सातवा मजला आणि पहिला मजला."

मग काय, दुसरं स्टूल आलं, आजींकडून चहा आला, आणि अर्धा तास त्या दोघांची अशी काही जमली की लग्नाची बोलणी चाललीत की काय असं वाटावं. धरण केवढं, तर अकरा टीएमसी. तुमची टाकी केवढी, तर चाळीस हजार लिटर. गळती आहे का, तर दोघांकडे आहे. शेवटी निघताना तो हळूच म्हणाला, "उद्या सकाळी नवाला सोडायचं चाललंय, बघा थांबताय तर."

आमचा मुक्काम होताच. दुसऱ्या दिवशी पावणेनऊलाच नानांनी सगळ्यांना समोर रांगेत उभं केलं. नऊ वाजले, काही नाही. नऊ पाच, काही नाही. शेळी होतीच. मग भिंतीतून आधी घरघर आल्यासारखा आवाज, मग फवारा, आणि मग जे पाणी आलं ना, शेळी कधी पळाली कळलंच नाही, समोरचा खडक दिसेनासा झाला, पांढरी शुभ्र छत्री उघडली आणि तुषार आमच्या चष्म्यांवर. बायका ओरडतायत, काका लोक फोन काढतायत, कुलकर्णी काकू गुडघा विसरून पुढे. आणि नाना घड्याळ बघून म्हणाले, "बारा मिनिटं लेट."

त्या दोघांचा फोन अजून चालू असतो. ऑगस्टमधे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नानांचा मेसेज येतो, "भंडारदरा भरलं," आणि खाली सातव्या मजल्यावरून रिप्लाय, "आपली टाकी कधी भरणार?"

तर मुद्दा काय, पाणी सोडलंय का ते आधी विचारा. जिथं राहणार त्या हॉटेलला, होमस्टेला फोन करा आणि दोन्हीचं विचारा, अंब्रेलाचं आणि रंध्याचं. पावसाळ्यात, धरण भरून सांडव्यावरून पाणी जात असताना, विचारायची गरज नाही, तेव्हा रंधा स्वतःच सांगतो. बाकीच्या दिवसांत विचारा.

अरे बापरे, स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याची बोटं दाखवतायत. पटापट घेते. तलावाला फेरी मारणारा रस्ता आहे, त्यावर रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं देऊळ चुकवू नका. काळ्या दगडातलं, बाहेरून आतून कोरीव, पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. समोर पुष्करणी आहे, कोनाड्यांतून मूर्ती. मागे रतनगड, त्याच्या माथ्यावर आरपार भोक, त्याला नेढं म्हणतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत याच भागात काजवे, झाडंच्या झाडं लुकलुकतात, नर मादीला खुणावत असतात हो ते, आणि आपण तिथं हेडलाइट लावून गाडी उभी करतो. दिवे बंद करा, ब्लूटूथ स्पीकर तर घरीच ठेवा, आणि मॅगी मागू नका, त्या भागात नाचणीची भाकरी आणि पिठलं मिळत असताना मॅगी मागणाऱ्याला घोटीहूनच परत पाठवलं पाहिजे.

आणि एक राहिलंच, हे आपल्या ठाण्याचं आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, महादेव कोळी समाजातले, इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्यांना २ मे १८४८ ला फाशी दिली ती ठाण्याच्या जेलमधे. आपण रोज त्या भिंतीवरून रिक्षाने जातो.

कळसूबाई राहिली, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, बारीतून चढायचं, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, त्यावर पुढच्या वेळी वेगळं बोलू. आणि सांदण दरी पावसात अजिबात नाही. परत सांगते, अजिबात नाही, दोन कड्यांमधली चिंचोळी फट आहे ती, वर पाऊस पडला की सगळं पाणी त्यातूनच येतं. दिवाळीनंतर जा, साम्रदहून वाटाड्या घ्या, सुटे पैसे ठेवा, फोनला रेंज मिळेलच असं नाही. गाडी नसेल तर रेल्वेने इगतपुरीला उतरा, तिथून घोटी गाठा, घोटीहून शेंडीकडे एसटी आणि जीप दोन्ही मिळतात, फक्त परतीची शेवटची गाडी कितीला ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.