ड्रममधलं दूध

अंबड तालुक्यातली मोसंबीची बाग. ठिबकचा ड्रिपर उघडला की आत पांढरी पेस्ट. खापर फुटतं बोअरच्या जड पाण्यावर. पण त्यात लिटरमागे 100 मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं, तरी 200 लिटरमध्ये भरतो फक्त अर्धा मोल (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या). एवढ्या गाळाला तो पुरत नाही.

हे दोन ड्रम बघा, प्रत्येकी 100 लिटरचे. एकात 5 किलो कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात 5 किलो मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही द्रावणं नितळ. एकत्र ओतली की काही वेळात दूध. कॅल्शियम आणि सल्फेट एकास एक जुळून जिप्सम होतं.

किलो सारखे, पण मोल नाहीत. या खतात कॅल्शियम साधारण 18.8 टक्के, म्हणजे 940 ग्रॅम. भागिले 40 (एका मोलचे ग्रॅम), 23.5 मोल. मॅग्नेशियम सल्फेटच्या स्फटिकात पाण्याचे सात रेणू असतात, म्हणून 5000 भागिले 246.5, 20.3 मोल. ते सात रेणू विसरून 120.4 ने भागलंत तर 41.5 मोल येतात, आणि आधी काय संपणार याचं उत्तरच उलटं होतं.

आता तीव्रता. भागायचं 200 लिटरने, 100 ने नाही. हमखास चूक इथेच होते. कॅल्शियम 0.117, सल्फेट 0.101 मोल प्रति लिटर. सल्फेट आधी संपतं. कॅल्शियम उरतं 3.2 मोल, म्हणजे 0.016. मॅग्नेशियम आणि नायट्रेट यात पडतच नाहीत, मॅग्नेशियम 0.101 वरच राहतं.

कागदावर जिप्सम साडेतीन किलो. सल्फेट मात्र अगदी शून्यावर येत नाही, कारण जिप्सम थोडं विरघळतं: साध्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास, अशा खारट द्रावणात त्याहून जास्त. तरी दोन किलोंवर गाळ बसतोच. महागाचं कॅल्शियम झाडाऐवजी फिल्टरला जातं. आणि लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळीत, ॲसिड सोडून हा गाळ निघेल या भरवशावर राहू नका. पाण्यातला चुना ॲसिडने सुटतो, जिप्सम त्याला फारशी दाद देत नाही.

म्हणून कॅल्शियम नायट्रेट एकटंच सोडा, मग साधं पाणी चालवून लाइन पूर्ण धुवा, सल्फेटची पाळी दुसऱ्या दिवशी. बारा-एकसष्ट-शून्य हे फॉस्फेटचं खतही कॅल्शियमसोबत नको. तिथे फॉस्फेटचा गाळ बसतो. नवीन खत आणलं तर आधी दोन बाटल्यांत, एकेक लिटर बोअरच्याच पाण्यात, 50-50 ग्रॅम विरघळवा. दोन्ही एका पारदर्शक बरणीत ओता, दोन तास ठेवा आणि बरणीचा तळ उजेडात धरून बघा.