वहीत राहिलेली दोन नावं

मंडळी, नमस्कार.

पुण्यात हॉकी म्हटलं की खडकीची मैदानं आणि धनराज पिल्ले आठवतात. मी आज बोलणार आहे ती हॉकी बर्फावरची. गेली पुष्कळ वर्षं मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं स्केट्स बांधून त्यांवर उतरतात, जशी आपली पोरं मे महिन्यात टेनिस बॉल घेऊन रस्त्यावर उतरतात. माझी मुलं तिथंच वाढली. पहाटे पाचच्या सरावाला त्यांना सोडून रिंकच्या कठड्याशी कुडकुडत उभं राहायचं आणि शेजारच्या पालकांशी 'वाइल्ड'बद्दल बोलायचं, हा आमचा बारा वर्षांचा शिरस्ता. मिनेसोटा वाइल्ड हा आमचा एनएचएलमधला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या व्यावसायिक लीगमधला संघ. त्याचं घर सेंट पॉल शहरात आहे.

विषय मोठा आहे: मोठ्या खेळाडूंचे करार आणि सॅलरी कॅपचा ताण. मी एकाच संघाच्या एका दिवसापासून सुरुवात करतो. 4 जुलै 2012, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी वाइल्डनं एकदम दोन खेळाडू करारबद्ध केले, झॅक पॅरिसे आणि रायन सूटर. दोघांचे आकडे सारखे: 13 वर्षं, प्रत्येकी 9 कोटी 80 लाख डॉलर.

गावात काय आनंद झाला होता! त्यामागचं कारण सांगायला हवं. मिनेसोटाचा जुना संघ नॉर्थ स्टार्स 1993 साली डॅलसला गेला. 'हॉकीचं राज्य' म्हणवणारा मुलूख 2000 सालापर्यंत एनएचएलविना राहिला. पॅरिसे जन्मानं मिनियापोलिसचा, त्याचे वडील जे. पी. पॅरिसे नॉर्थ स्टार्सकडून खेळलेले. न्यू जर्सीचा कप्तान म्हणून झॅक त्याच वर्षी स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि आता तो घरी येत होता. सूटर त्या काळातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. तो आनंद खरा होता आणि आजही मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही.

आता थोडं कॅपबद्दल. मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात 2004-05चा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यातून 2005 साली कॅप आली: एका संघानं पगारावर किती खर्च करायचा याची वरची मर्यादा, पहिल्या वर्षी 3 कोटी 90 लाख डॉलर. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली असते. 2013 पासून ते उत्पन्न खेळाडू आणि मालक निम्मं निम्मं वाटून घेतात. एकट्या खेळाडूला कॅपच्या 20 टक्क्यांहून जास्त देता येत नाही.

तुम्ही मनातल्या मनात आयपीएलशी तुलना करत असाल. करा, पण एक मोठा फरक ध्यानात ठेवा. 2024च्या मेगा लिलावात लखनौनं 120 कोटींच्या थैलीतले 27 कोटी एकट्या ऋषभ पंतवर लावले. थैलीतला हिस्सा पाहिला तर साडेबावीस टक्के. एनएचएलमध्ये हे नियमातच बसलं नसतं. पण आयपीएलमध्ये काही वर्षांनी पुन्हा मेगा लिलाव येतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. बर्फावरच्या हॉकीत पाटी कोरी होत नाही. करार खेळाडूचं वय वाढवतो, संघाचं ओझं वाढवतो, आणि सही करणारा माणूस नोकरी सोडून गेला तरी करार जागेवर असतो.

2012 साली एक पळवाट होती आणि बऱ्याच संघांनी ती वापरली. कॅपच्या वहीत त्या वर्षी खरोखर दिलेला पगार धरत नाहीत, कराराची वार्षिक सरासरी धरतात. त्यामुळे कराराच्या शेवटी दोन-चार स्वस्त वर्षं जोडली की सरासरी खाली येते. पॅरिसे आणि सूटरला पहिली दोन वर्षं दरसाल 1 कोटी 20 लाख, शेवटची दोन वर्षं दरसाल फक्त 10 लाख. वहीत मात्र तेराही वर्षं 75 लाख 38 हजार. खेळाडू चाळिशीला टेकला की 10 लाखांसाठी कोण खेळणार? तो निवृत्त होईल आणि हिशेब आपोआप मिटेल, असा सगळ्यांचा होरा होता.

आकडेमोड करून पाहू, कारण सगळी गोष्ट या आकडेमोडीतच आहे. करारानुसार पहिल्या 9 हंगामांत प्रत्येकाला 8 कोटी 80 लाख डॉलर मिळायचे होते. त्याच 9 हंगामांत कॅपच्या वहीत प्रत्येकाच्या नावावर पडले सुमारे 6 कोटी 78 लाख. म्हणजे माणशी 2 कोटींचा, दोघांचा मिळून 4 कोटींचा खेळ वाइल्डनं उधारीवर केला. दुकानदारानं वहीत लिहून ठेवावं, तसं लीगनं ते लिहून ठेवलं.

मग सहाच महिन्यांत नियम बदलला. 2012च्या सप्टेंबरात मालकांनी पुन्हा खेळाडूंवर टाळेबंदी लादली आणि जानेवारी 2013मध्ये दोघांत नवा सामूहिक करार झाला. त्यात करारांची लांबी संघाच्या स्वतःच्या खेळाडूसाठी 8 आणि बाहेरून आणलेल्यासाठी 7 वर्षांवर आणली, पगाराच्या चढउतारावर बंधन घातलं, आणि जुन्या लांबलचक करारांवर वसुलीचं कलम लावलं. असा खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला तर उधारीची रक्कम उरलेल्या वर्षांत कॅपवर चढवायची. मला यातलं पूर्वलक्षी लावणं पटत नाही. ज्या नियमाखाली सही झाली त्याच नियमानं तिचा निवाडा व्हावा. पण उधारी उधारीच होती, हेही तितकंच खरं.

मैदानावर काय झालं? 2013 ते 2018 अशी सलग 6 वर्षं वाइल्ड प्लेऑफमध्ये गेला. 2013, 2014 आणि 2015 अशी तिन्ही वर्षं त्यांना शिकागोनंच बाहेर काढलं. पण त्या शिकागोचं तरी काय झालं? 2010, 2013, 2015 असे तीन कप जिंकल्यावर टेव्स आणि केन या जोडीला दरसाल प्रत्येकी 1 कोटी 5 लाख देणारे करार सुरू झाले. 2015-16ची कॅप होती 7 कोटी 14 लाख, त्यातला 29 टक्के हिस्सा दोघांचा. तो हंगाम सुरू होण्याआधीच साद आणि शार्प हे खेळाडू गेले, पुढच्या वर्षी टेराव्हायनेन, त्यानंतर पॅनारिन. 2018 साली शिकागो प्लेऑफलाही पोहोचला नाही.

मोठ्या खेळाडूचा पगार मालकाच्या खिशातून जातो, पण त्याची किंमत मोजतो दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला खेळाडू. कॅपच्या जगात मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

जुलै 2021मध्ये वाइल्डचे जनरल मॅनेजर बिल गेरिन यांनी पॅरिसे आणि सूटर दोघांचेही करार एकाच दिवशी विकत घेऊन मोडले. बायआउट. उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश पैसे द्यायचे, तेही उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षांत विभागून. 4 वर्षं उरली होती, म्हणून 8 वर्षं. शिवाय जुनी उधारी पहिल्या 4 वर्षांत कॅपवर. पहिल्या वर्षी 47 लाख, दुसऱ्या वर्षी 1 कोटी 27 लाख, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी 1 कोटी 47 लाख प्रत्येकी. याला डेड कॅप म्हणतात, मेलेली जागा. 2023-24ची कॅप 8 कोटी 35 लाख होती. तिच्यातले साडेसतरा टक्के अशा दोन माणसांपायी गेले, जे वाइल्डचा जर्सी घालत नव्हते. त्या वर्षी किमान पगार 7 लाख 75 हजार होता, म्हणजे त्या पैशात किमान पगाराचे 19 खेळाडू बसले असते.

गेरिन यांच्यावर तेव्हा गावात पुष्कळ लोक चिडले होते. मला वाटतं, त्यांनी योग्य केलं. दोघांपैकी कुणी कराराच्या अगदी शेवटी निवृत्त झाला असता तर सगळी वसुली एक-दोन वर्षांत कोसळली असती. बायआउटमुळे दुखणं किती आणि केव्हा हे निदान आधी ठाऊक झालं.

त्यातच काळ वाईट. कॅप दरवर्षी वाढेल आणि जुने करार हलके वाटू लागतील, या भरवशावर सगळी लीग चालत होती. महामारीत उत्पन्न आटलं आणि कॅप 8 कोटी 15 लाखांवर सलग तीन हंगाम गोठली, पुढची दोन वर्षं जेमतेम 10-10 लाखांनी सरकली. वाइल्डची वसुली बरोबर या काळात आली.

आणि त्याची किंमत मोजली केव्हिन फियालानं. स्वित्झर्लंडचा हा विंगर 2021-22मध्ये 33 गोल आणि एकूण 85 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) करून गेला. बर्फावर त्याला बघणं हे सुख होतं. डोकं वर, पक म्हणजे खेळायची चकती काठीला चिकटलेली, आणि समोरचा बचावपटू कधी मागे पडला ते त्यालाही कळायचं नाही. आयुष्यातला सर्वोत्तम हंगाम खेळल्यामुळेच तो परवडेनासा झाला. जून 2022मध्ये त्याला लॉस एंजेलिसला दिलं. त्याबदल्यात तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला (ड्राफ्ट) पहिल्या फेरीचा एक हक्क मिळाला आणि ब्रॉक फेबर नावाचा तरुण बचावपटू, मिनियापोलिसजवळच्या मेपल ग्रोव्हचा. फेबर पुढं नवोदितांच्या कॅल्डर चषकाच्या मतदानात दुसरा आला. म्हणजे सौदा वाया गेला नाही. पण माझ्या मुलीच्या खोलीत फियालाचा 22 नंबर लटकत होता, आणि 'तो चांगला खेळला म्हणून त्याला काढलं?' या तिच्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होतो? मी तिला 2012 साल सांगितलं. तेव्हा ती पाळण्यात होती.

आता वाइल्डचाच किरिल कप्रिझोव्ह. 2015च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, 135वा घेतलेला मुलगा. 2021-22मध्ये त्यानं 47 गोल आणि 108 गुण केले. 30 सप्टेंबर 2025 रोजी त्यानं वाइल्डशी 8 वर्षांचा 13 कोटी 60 लाखांचा करार केला, एनएचएलच्या इतिहासातला सर्वात मोठा. दरसाल 1 कोटी 70 लाख. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण आपण हिस्सा पाहू. करार 2026-27ला सुरू होतो, त्या वर्षाची कॅप जाहीर झाली आहे 10 कोटी 40 लाख. म्हणजे सोळा टक्क्यांच्या थोडं वर. 2027-28साठी 11 कोटी 35 लाख जाहीर आहे, म्हणजे हिस्सा 15 टक्के. लीगचं उत्पन्न वाढत राहिलं तर तो आणखी उतरेल. लीगमधला नावाजलेला खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड यानं त्याच शरद ऋतूत आपल्या एडमंटन संघाशी फक्त 2 वर्षांचा, दरसाल 1 कोटी 25 लाखांचा करार केला. त्याच्या संघाला त्यानं मोकळा श्वास दिला, पण फक्त दोन वर्षांचा. कप्रिझोव्हनं आठ वर्षांची खात्री दिली आणि तिची पूर्ण किंमत घेतली. मी त्याला लोभी म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. खेळाडूचं शरीर पस्तिशीत थकतं, आणि संघाला स्वस्तात पडण्याचं कर्तव्य कुणावर लादता येत नाही.

मला या करारात आवडणारी गोष्ट अशी की तो उधारीवर नाही. आजच्या नियमांत हातात पडणारे पैसे आणि वहीतले पैसे 2012सारखे फाकूच शकत नाहीत. कप्रिझोव्ह चुकीचा ठरला तर ती चूक उघड दिसेल, त्याच वर्षी, त्याच वहीत.

2025-26पासून पॅरिसे-सूटरचा बोजा 16 लाख 67 हजारांवर आला. त्या मोकळ्या झालेल्या जागेशिवाय कप्रिझोव्हचा करार झाला नसता. उरलेला बोजा 2028-29पर्यंत आहे. पॅरिसे 2024 साली खेळातून निवृत्त झाला. कप्रिझोव्हच्या नव्या कराराचं तिसरं वर्ष चालू असेल, माझी मुलगी कॉलेजात असेल, आणि सेंट पॉलच्या त्या वहीत पॅरिसे आणि सूटर, प्रत्येकी 8 लाख 33 हजार, अजून लिहिलेले असतील.