नागपूरच्या गच्चीवरचं बोन्साय

नागपुरात महाल, इतवारीकडच्या जुन्या घरांच्या भिंती कधी नीट बघा. जिथे कूलरचं पाणी उन्हाळाभर ठिबकत असतं त्याच्या खाली विटांच्या फटीत एखादा वड नाहीतर पिंपळ उगवलेला दिसतोच. पाखरांनी फळ खाल्लं, बी पडली, ओल मिळाली, झालं. घरमालकाला तो नको असतो, कारण मुळं भिंत फोडतात, आणि बोन्सायवाल्याला, म्हणजे उथळ कुंडीत झाड छोटं ठेवून वाढवणाऱ्याला, नेमका तोच हवा असतो, कारण फटीत अडकून वाढलेल्या रोपाचा बुंधा खाली जाडजूड आणि मुळं चपटी, गाठाळ झालेली असतात, जे कुंडीत करायला कितीतरी वर्षं लागतात ते भिंतीनं आधीच करून ठेवलेलं असतं. मग विचारणा होते, "काकू, मागच्या भिंतीतला तो वड काढून नेऊ का?" आणि काकू म्हणतात, "ने ना बाप्पा, किती दिवसांपासून सांगून राहिली मी ह्यांना, काढा म्हणून!"

धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडे जुने बंगले पाडून फ्लॅट होतात तेव्हाही हेच. फाटकाजवळची बोगनवेल, कुंपणाची कामिनी जेसीबीखाली जायच्या आधी कोणीतरी जाऊन मागून आणतं. अशी झाडं वाचवणं मला ह्या छंदातलं सगळ्यात छान काम वाटतं. जंगलातून उपटून आणणं मात्र नाही, ते कायद्यानंही चूक आणि तसंही तिथलं झाड तिथेच राहू द्यावं.

आता माती. खरं तर बोन्सायच्या कुंडीत आपली ओळखीची माती फारशी नसतेच. विदर्भातली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसाळ्यात चिकट गोळा होते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात बसून विटांचे तुकडे फोडायचे, चाळायचे, भुकटी फेकून द्यायची आणि हरभऱ्याएवढे दाणे ठेवायचे, त्यात कन्हान नदीची जाडी रेती, थोडं चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. नवीन माणसाला वाटतं एवढ्या दगडधोंड्यात झाड जगेल कसं. पण उथळ कुंडीची गंमत अशी आहे की बारीक माती तळाशी पाण्याचा एक थर धरून ठेवते, खाली भोक असलं तरी सोडत नाही, आणि कुंडीच दोन-तीन इंच खोल असेल तर तो ओला थर म्हणजे जवळजवळ अख्खी कुंडी. मुळं तिथेच कुजतात. दाणे जाड असले की पाणी निघून जातं आणि मागे हवा राहते.

पण ह्याच जाड दाण्यांमुळे नागपुरात मे महिना म्हणजे परीक्षाच असते. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलंय, आणि तो आकडा हवेचा, सावलीतला. गच्चीची स्लॅब त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि स्लॅबवर ठेवलेल्या मूठभर मातीतली मुळं अक्षरशः शिजतात. त्यामुळे पुस्तकात, युट्यूबवर जे जपानचं वेळापत्रक सांगतात, वसंतात हे करा, हिवाळ्यात थंडीपासून जपा, ते इथं जसंच्या तसं चालत नाही. इथल्या लोकांनी आपलं स्वतःचं कॅलेंडर बसवलंय आणि ते नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), मृग, पोळा, दिवाळी असंच चालतं. कोणाशीही बोला, तारीख सांगणार नाहीत, "पोळा झाला की तार लावू" असं सांगतील.

तर एप्रिलपासूनच हिरवी जाळी ताणली जाते. कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर, लाकडी फळ्यांवर जातात, काही जण मोठ्या घमेल्यात रेती भरून ती ओली ठेवतात आणि त्यावर कुंडी ठेवतात. पाणी सकाळी उजाडायच्या आत आणि पुन्हा संध्याकाळी, आणि ते सुद्धा थेट नळीनं नाही, कारण गच्चीवरच्या टाकीतलं आणि पाइपातलं पाणी संध्याकाळी सहालाही हात भाजेल इतकं गरम असतं. म्हणून बादल्या रात्रीच भरून सावलीत ठेवायच्या. बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर, कुंडीच्या काठावर पांढरे डाग धरतात, मग नळाचं पाणी झाडांसाठी वेगळं साठवायचं.

कुंडी फार कोरडी पडली असेल तर वरून ओतलेलं पाणी बाजूनं निघून जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी अख्खी कुंडी टबात बुडवतात. हे बघण्यासारखं असतं. आधी मोठे बुडबुडे भराभर येतात, मग बारीक बारीक एका रांगेत, मग थांबून थांबून एखादा. शेवटचा बुडबुडा येईपर्यंत कुंडी बाहेर काढायची नाही, आणि काढली की दोन बोटांनी एक बाजू उचलून जास्तीचं पाणी नितरू द्यायचं. ज्यांच्याकडे पन्नास-साठ झाडं आहेत ते उन्हाळ्यात लग्नालाही आळीपाळीनं जातात, घरातला एक जण झाडांसाठी मागे राहतो. बाहेरच्यांना हे वेडेपण वाटेल, मला नाही वाटत. मेच्या एका कोरड्या दिवसात वीस वर्षांचं झाड जाऊ शकतं, आणि ते पुन्हा दुकानातून आणता येत नाही.

नवतपा संपला, मृग लागला, पहिला चांगला पाऊस झाला की कुंडी बदलायचं काम. वड, उंबर, फायकस (वडाच्याच कुळातलं शोभेचं झाड), चिंच ही आपली गरम हवेची झाडं, हवा दमट आणि कोमट असताना मूळ लवकर धरतात. झाड बाहेर काढलं की खाली मुळांची चटई झालेली असते, कुंडीच्या आकाराची. बांबूच्या काडीनं ती कडेपासून हळूहळू मोकळी करायची, केसांचा गुंता सोडवतो तशी, ओढायची नाही. मग खाली सरळ जाणारी जाड मुळं कापायची, बारीक तंतू शक्य तितके ठेवायचे, निरोगी वडाची साधारण एक तृतीयांश मुळं काढली तरी तो सावरतो. कापल्या जागेतून पांढरा चीक येतो, तो पाण्यानं पुसायचा. मग झाड कुंडीत बसवून भोकातून ओवलेल्या तारेनं मुळाशी घट्ट बांधायचं, कारण झाड हललं की नवीन मुळं तुटतात. वरून दाणे टाकायचे आणि काडीनं टोचत टोचत प्रत्येक फट भरायची. हे टोचणं कंटाळवाणं आहे, पण राहिलेल्या पोकळीत मूळ वाळतं. शेवटी झारीनं पाणी, खालून येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

बोगनवेलीचं जरा वेगळं. तिची मुळं काचेसारखी मोडतात आणि मोठी कापलेली जागा पाण्यानं आतून सडत जाते, म्हणून तिच्या मोठ्या जखमा बंद करून ठेवाव्या लागतात.

पावसाळ्यात झाडं सुसाट वाढतात, शेंडे खुडत राहायचे. पिठ्या ढेकूण दिसला की निंबोळी तेल. ह्याच दिवसांत तब्येतीनं चांगल्या असलेल्या वडाची सगळी पानं देठ ठेवून कापतात, मग देठाजवळचे डोळे फुटतात आणि नवीन पान लहान येतं. पिंपळाचं पान एवढं ऐकत नाही आणि फांद्याही दाट होत नाहीत, म्हणून ज्याच्याकडे चांगला पिंपळ आहे त्याला सगळे मान देतात.

पोळ्यानंतर फांद्यांना वळण द्यायला तार. अॅल्युमिनियमची, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, तिरपी गुंडाळायची आणि मग दोन्ही अंगठे फांदीच्या बाकाला टेकवून थोडं थोडं वाकवायचं. फायकस इतका झपाट्यानं जाड होतो की काही आठवड्यांत तार सालीत रुतते, म्हणून रोज सकाळी पाणी घालतानाच तारेवर नजर टाकायची. काढताना उलगडायची नाही, कटरनं तुकडे करून काढायची, तार वाचवायला जाऊन फांदी मोडते.

आणि नागपूर म्हटल्यावर संत्र्याचं बोन्साय नसेल असं कसं होईल! सोपं अजिबात नाही ते. पान लहान करता येतं पण फळ लहान होत नाही, छोट्याशा झाडाला पूर्ण आकाराचं संत्रं लागतं. काटोल, वरुडच्या बागांमध्ये आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, तसाच ताण इथं गच्चीवर कुंडीला देतात, फक्त बागेत जे काही आठवडे चालतं ते कुंडीत मोजून-मापून, पानं जराशी मलूल दिसेपर्यंतच. मग पाणी, ढेपेचं पातळ खत, आणि फुलं आली की सगळ्या गच्चीवर वास. पावसाळ्यात पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या पानांवर दिसतात, त्या लिंबू फुलपाखराच्या. दोन दिवसांत झाड बोडकं करतात, तरी बरेच जण त्यांना मारत नाहीत, उचलून अंगणातल्या कढीपत्त्यावर नेऊन सोडतात, तिथेही त्यांचं पोट भरतं.

फळं धरली की जीवावर येतं पण बहुतेक खुडावी लागतात. कुंडीतलं झाड दोन, फार तर तीन पोसू शकतं, आणि तीही मे महिना काढून. नोव्हेंबरात रात्री गार पडायला लागल्या की सालीवर रंग चढतो. रंग पूर्ण आला की फळ झाडावर मिरवत ठेवायचं नाही, पुढच्या बहराला मार बसतो, कात्रीनं देठासकट काढून घ्यायचं. मग घरात एक एक फोड सगळ्यांना वाटली जाते, बरेचदा आंबटच निघते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाच्या मुळाशी निंबोळी पेंड घालून पुढच्या ताणाचं बघायला सुरुवात होते.