करडाचा पाय आधी हातात घ्या

नमस्कार, श्रोतेहो.

शेळी व्याली, तिने करडू चाटून कोरडे केले, ते धडपडत उठू लागले आणि त्याचा पाय सरळ टेकत नाही असे दिसले, तर काय करावे, याविषयी मी आज बोलणार आहे. अशा वेळी बहुतेक गोठ्यांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘हे जन्मतःच अधू आहे’ असे म्हणून करडू बाजूला ठेवले जाते, नाही तर जवळ असलेले खनिजाचे इंजेक्शन लगेच टोचले जाते. यांपैकी काहीही करण्याआधी तो पाय आपल्या हातात घेऊन पाहिला पाहिजे, आणि पाय हातात घेण्याच्याही आधी दोन कामे उरकली पाहिजेत. तो क्रम मी आत्ताच सांगतो आणि पुढेही सांगणार आहे: आधी ऊब, मग चीक, मग पाय.

हा क्रम मला ज्या करडाने पक्का शिकवला, त्याची हकिकत सांगतो. पशुवैद्य म्हणून काम सुरू करून मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. एका पहाटे एका आजींचे बोलावणे आले. त्यांची शेळी रात्री व्याली होती आणि तिला तीन करडे झाली होती. दोन करडे आईच्या कासेला लागली होती. तिसरे, तिघांत सर्वांत थोराड, कोपऱ्यात पडले होते. त्याच्या पुढच्या दोन्ही पायांचे खुर मागे दुमडलेले होते. खुराच्या वरच्या सांध्याची पुढची बाजू जमिनीला टेकवून ते उठू पाहत होते आणि दर वेळी तोंडावर पडत होते. त्या सांध्यावरचे केस घासून तिथली कातडी लाल झाली होती. आजींच्या हातात भरलेली सिरिंज होती. सेलेनियम हे खनिज आणि ई जीवनसत्त्व यांच्या इंजेक्शनची बाटली त्यांनी कुणाकडून तरी मागून आणली होती.

मी विचारले, ‘किती भरलंय?’

त्या म्हणाल्या, ‘दोन्ही पाय वाकडे आहेत डॉक्टर, म्हणून दुप्पट भरलंय.’

मी ती सिरिंज त्यांच्याकडून काढून घेतली आणि आधी थर्मामीटर लावला. करडाचे तापमान १०२ ते १०४ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असावे लागते. याचे ९८ होते. तोंडात बोट घातले तर जीभ गार लागली. अशा थंड पडलेल्या करडाला दूध पाजू नये, कारण त्याला नीट गिळता येत नाही आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शिवाय गारठलेले करडू उभे राहू शकले नाही, तर तो दोष पायाचा आहे की थंडीचा, हेही कळत नाही. म्हणून आम्ही ते कोरड्या कपड्यात गुंडाळले, दोन्ही बाजूंना फडक्यात बांधलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि वाट पाहिली. (येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ज्या घरी शेळ्या आहेत, त्या घरी शेळ्यांसाठी वेगळा थर्मामीटर असलाच पाहिजे. कपाळाला हात लावून करडाचा ताप कळतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तरी इतक्या वर्षांत तो तसा कळलेला नाही.)

तास-दीड तासाने तापमान १०२ वर आले. मग चीक. करडू सुमारे दोन किलोचे होते. वजनाच्या एक दशांश चीक पहिल्या चोवीस तासांत पोटात जावा लागतो, म्हणजे याला दिवसभरात सुमारे २०० मिलिलिटर, आणि त्याचा पहिला वाटा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, कारण चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटत जाते. आजींनी शेळीचा चीक पिळून बाटलीने पाजला. करडू इतक्या जोराने ओढू लागले की बाटली दोन्ही हातांनी धरावी लागली. ते चोखणे पाहूनच मला अर्धे निदान झाल्यासारखे वाटले. जिभेचे आणि गळ्याचे स्नायू दुबळे असते, तर ते असे चोखू शकले नसते.

आणि मग पाय. मी एका हाताने गुडघ्याच्या खाली पाय धरला, दुसऱ्या हाताने खुर पुढे आणला आणि सांधा सावकाश सरळ केला. पायाच्या मागच्या बाजूला अंगठ्याखाली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, ताणलेल्या सुतळीसारखी लागत होती. सांधा गरम नव्हता, सुजलेला नव्हता, हाड मोडलेले नव्हते. हळूहळू ताण दिल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला, सोडल्यावर पुन्हा दुमडला. याचा अर्थ सरळ होता. एका गर्भाशयात तीन करडे, त्यात हे सर्वांत मोठे. शेवटच्या आठवड्यांत पाय पसरायला जागा नव्हती, आणि दुमडलेल्या अवस्थेत राहून कंडरा आखूड राहिल्या होत्या. आखडलेल्या कंडरेवर औषध म्हणजे ताण, आधार आणि चालणे. सौम्य प्रकारात तर करडू नुसते चालून-फिरून आठवड्याभरात आपोआप सुधारते. मात्र सांधा लाकडासारखा घट्ट असेल आणि ताण देऊनही जराही हलत नसेल, तर तो वेगळा विकार समजावा. गाभणपणात झालेल्या विषाणूच्या संसर्गामुळेही सांधे असे जखडतात. तिथे जोर लावून पाय सरळ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

त्या करडाचे दोन्ही सांधे जमिनीवर घासत होते, म्हणून मी खपच्या बांधायचे ठरवले. पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा उभा चिरून दोन पन्हाळी केल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, आत कापूस घातला, पायाच्या मागून बसवून पट्टी गुंडाळली आणि संध्याकाळी येतो असे सांगून निघालो. संध्याकाळी मला जमले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर खपच्या सोडून ठेवलेल्या होत्या आणि आजी करडाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

‘डॉक्टर, तुम्ही बांधलेलं मी रात्री सोडलं,’ त्या म्हणाल्या. ‘सारखं ओरडत होतं. हात लावला तर एक खुर गार लागला, दुसरा गरम. गार पडलेल्या पायावर बांधून ठेवायचं कसं?’

मी पाय पाहिला. पट्टीच्या खालच्या कडेला बारीक वळ उठला होता आणि त्याखाली सूज होती. घाईत मी तिथे कापूस कमी घातला होता आणि पट्टी घट्ट आवळली होती. आजींनी ती रात्रभर तशीच ठेवली असती, तर रक्तपुरवठा तुटून तो खुर गेला असता. त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी हेच सांगत आलो आहे: खपची दिवसातून दोन वेळा सोडायची, कातडी पाहायची, आणि बांधल्यावर अर्ध्या तासाने खुराला हात लावायचा. खुर गार लागला, तर लगेच सोडायचे. डॉक्टरची वाट पाहायची नाही. करडू झपाट्याने वाढते, त्यामुळे काल बरोबर बसलेली पट्टी दोन दिवसांनी आवळू लागते.

आम्ही भरपूर कापूस घालून पुन्हा सैलसर बांधले. आजी दर वेळी दूध पाजून झाले की खपच्या सोडून दोन्ही पाय दहा-पंधरा वेळा हलकेच ताणून सरळ करत. चौथ्या दिवशी करडू खुर टेकवून उभे राहिले, नवव्या दिवशी खपच्या कायमच्या निघाल्या. ते धावताना पाहून मला फार समाधान वाटले होते.

तिसऱ्या आठवड्यात आजींचे पुन्हा बोलावणे आले. या वेळी त्या करडासाठी नव्हे, तर उरलेल्या दोघांपैकी एकासाठी, ज्याचे पाय जन्मापासून सरळ होते. ते पाठ वाकवून, मागचे पाय काठीसारखे ताठ टाकत चालत होते. दूध प्यायला उत्सुक होते, डोळे टवटवीत होते, ताप नव्हता. पण कासेखाली दोन मिनिटे उभे राहिले की मांड्या थरथरत आणि ते खाली बसे. मी दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन्ही हातांत धरल्या. दोन्ही बाजूंचे स्नायू सारखेच कडक आणि दुखरे होते. हा पांढऱ्या स्नायूंचा आजार होता, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा.

तेव्हा मी आजींना विचारले, की शेळीने गाभणपणात काय खाल्ले होते. त्या म्हणाल्या, ‘साठवलेला वाळका चाराच होता. हिरवं काही मिळालंच नाही.’ हा प्रश्न मी पहिल्याच पहाटे विचारायला हवा होता, श्रोतेहो. दुप्पट भरलेली सिरिंज थांबवली हे मी बरोबर केले, पण ती बाजूला ठेवताना त्या बाटलीमागचा प्रश्नही मी बाजूला ठेवला. एकाच आईची ती तीन करडे होती. कमतरता असेल तर तिघांच्याही अंगात असणार, हे मला तेव्हा सुचले नाही. आम्ही तिन्ही करडे तोलली आणि प्रत्येकाला वजनाप्रमाणे मात्रा दिली. आजारी करडाला आठवडाभर लहानशा जागेत, पळापळ न होऊ देता ठेवले, कारण हा आजार हृदयाच्या स्नायूलाही धरतो आणि वरून बरे दिसणारे करडू धावता धावता कोसळू शकते. पाचव्या दिवसापासून त्याची चाल सुटी होऊ लागली.

आता या आजाराविषयी थोडे. १९५८ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की मेंढ्यांच्या कोकरांमधील हा आजार गाभण मेंढ्यांना सेलेनियम देऊन टाळता येतो. जमिनीतच सेलेनियम कमी असले की ते चाऱ्यात कमी येते. ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर असते, पण चारा वाळवून साठवला की ते घटत जाते. सेलेनियम आईच्या पोटातूनच करडाला मिळते. ई जीवनसत्त्व मात्र गर्भात फारसे पोहोचत नाही, ते मुख्यतः चिकातून येते. चीक चुकला की हेही चुकले. आणि मात्रेविषयी पुन्हा सांगतो, दुप्पट कधीही देऊ नका. शेळीच्या कोरड्या चाऱ्यात दर किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम पुरेसे असते, आणि तेच प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या आसपास सतत राहिले तर विषबाधा होऊ शकते. गरज आणि विष यांत इतके थोडे अंतर असलेले औषध अंदाजाने द्यायचे नसते. करडू तोलावे आणि पशुवैद्याकडून मात्रा ठरवून घ्यावी.

खुराच्या वरचा सांधा पुढे दुमडण्याऐवजी मागे खचलेला असेल, म्हणजे करडू खुराच्या मागच्या भागावर चालत असेल, तर त्याच्या कंडरा सैल आहेत असे समजावे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या करडांत हे दिसते, सेलेनियमच्या कमतरतेतही दिसते, आणि पुष्कळदा चालण्याने पाय आपोआप सावरतात.

तांब्याची कमतरता वेगळी ओळखू येते. करडू खाते-पिते, पण काही आठवड्यांचे झाल्यावर त्याचा मागचा भाग डुलू लागतो, वळताना मागचे पाय एकमेकांत अडकतात. इथे बिघाड पायात नसून मज्जारज्जूत असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स आणि चॅपमन यांनी १९३७ मध्ये कोकरांतील या आजाराचे मूळ तांब्याच्या कमतरतेत असल्याचे दाखवले. कधी कधी चाऱ्यात तांबे पुरेसे असते, पण मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असल्याने ते अंगी लागत नाही. एकदा झालेली मज्जातंतूंची हानी भरून येत नाही, म्हणून तांबे वेळेवर, म्हणजे गाभण शेळीला मिळाले पाहिजे. तेही मोजूनच, कारण जास्त तांबे यकृतात साठून विषारी ठरते. शेळ्यांसाठी बनवलेले खनिज मिश्रण भुकटीच्या रूपात, उथळ भांड्यात, पावसापासून आडोशाला ठेवावे, असे माझे मत आहे. चाटण विटा कित्येक गोठ्यांत माणसाला टांगायला सोयीच्या उंचीवर टांगलेल्या असतात, आणि शेळी त्यांच्याकडे नुसती पाहत राहते.

एकच सांधा सुजलेला, गरम, हात लावू न देणारा असेल आणि सोबत ताप असेल, तर खनिजांचा विचार सोडून द्यावा. तो बहुधा नाळेतून शिरलेल्या जंतूंचा संसर्ग असतो. त्यासाठी प्रतिजैविक लागते आणि ते त्याच दिवशी सुरू व्हावे लागते, कारण उशीर झाला की सांधा कायमचा बिघडतो. जन्मल्याबरोबर नाळ ७ टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवली, तर ही वेळ सहसा येत नाही. अंधाऱ्या गोठ्यात वाढणाऱ्या, थोड्या मोठ्या करडांचे पाय धनुष्यासारखे वाकले आणि सांधे जाडसर झाले, तर तो मुडदूस समजावा. त्यांना ऊन मिळू द्यावे आणि आहारातील कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण पशुवैद्याकडून तपासून घ्यावे.

ज्यांच्या गोठ्यात या आठवड्यात शेळी विणार आहे, त्यांनी थर्मामीटर, आयोडीन, कोरडे कपडे, दूध पाजायची स्वच्छ बाटली आणि कापूस आजच एका डब्यात भरून ठेवावे. शेळीने गेल्या दोन महिन्यांत काय खाल्ले, तेही एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवावे, म्हणजे पशुवैद्य विचारायला विसरला, तरी तुम्ही तो कागद त्याच्या हातात देऊ शकाल. आधी ऊब, मग चीक, मग पाय.

नमस्कार.