छत्तीसची छाती, चौतीसचे खांदे

श्रोतेहो, नमस्कार.

"मापाचा ब्लाऊज आणलाय का?" हा प्रश्न शिंप्याच्या दुकानात ऐकला नाही, अशी बाई आपल्याकडे विरळाच. अंगावर नीट बसणारा जुना ब्लाऊज दिला की त्यावरून नवा बेतला जातो. आज बोलायचंय ते याच्या अगदी उलट रीतीबद्दल, म्हणजे कागदी नमुन्यांबद्दल: कपड्याचे भाग कागदावर आधीच कापलेले असतात आणि त्यांवरून कापड बेतायचं असतं. तिथं कागद कापणाऱ्यानं ना तुमचं अंग पाहिलेलं असतं, ना तुमचा जुना कपडा.

कपड्याचे भाग कागदावर आखणं तसं जुनंच. हुआन दे अल्सेगा या शिंप्याचं आकृत्यांचं पुस्तक १५८० मध्ये माद्रिदला छापलं गेलं. पण ते जाणत्या शिंप्यांसाठी. कापड वाया न घालवता कसं बेतायचं, हे सांगणारं. घरातल्या बाईला त्याचा काय उपयोग?

एलेन डेमोरेस्ट या बाई १८६० पासून न्यूयॉर्कमधून कागदी नमुने विकू लागल्या. मात्र एकाच मापाचे! वाढवणं-कमी करणं ज्याचं त्यानं बघायचं. आणि शिवणाऱ्या मैत्रिणींना ठाऊक असेल, सगळीकडून सारखंच वाढवलं तर गळा खांद्यावरून उतरतो आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, ढगळ होतो.

ही गाठ सोडवली मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं. कल्पना त्याच्या बायकोची, असं सांगतात. छाती वाढली तर खांदा किती वाढवायचा, गळा किती, हे गणित त्यानं आधीच करून ठेवलं आणि १८६३ मध्ये दर मापाचा वेगळा कागद काढला. माझ्या मते खरा शोध हाच. कागद काय, कुणीही कापला असता. सुरुवातीला कागद जाड होता, घडी घालून पाठवायला अवघड. म्हणून पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद आला, आणि नमुने टपालानं गावोगाव जाऊ लागले. मुलांच्या गॅरिबाल्डी सूटचे, म्हणजे इटलीच्या गॅरिबाल्डी या सेनानीच्या पोशाखावरून बेतलेल्या सूटचे, नमुने तर धडाक्यात खपले. बायकांच्या कपड्यांना १८६६ उजाडलं. तोवर शिवणयंत्रही घरांत शिरू लागलं होतं.

गंमत म्हणजे त्या कागदावर एक अक्षर छापलेलं नसे. नुसती भोकं आणि कडेच्या खाचा. कुठलं भोक चुणीचं, कुठलं कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा दाखवणारं, ते सोबतच्या चिठ्ठीवरून ओळखायचं. छापील रेषा आल्या त्या थेट १९२०च्या सुमारास, मॅकॉल कंपनीच्या नमुन्यांवर.

एक अडचण मात्र छपाईनंही सुटली नाही. छाती छत्तीस आणि खांदे चौतीसचे असतील, तर कुठला कागद घ्यायचा? जाणकार सांगतात, काखेखालून छातीच्या वरच्या बाजूनं टेप फिरवा आणि त्या मापाचा कागद निवडा. खांदा, गळा, मुंढा जागेवर बसतात. मग छातीपुरता कागद कापून मध्ये पट्टी जोडा. आणि पहिल्या खेपेला बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, जरा जास्तच सोडा.

नमस्कार.